रस्तारुंदी आणि दोन रकाने

तीन आठवड्यांपूर्वी सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी एक गाढवपणा केला. ही त्याचीच गोष्ट. खरं तर गाढवपणाची कमी, आणि त्या नादात पुढचे दोन वीकांत जे वाचत बसलो त्याची जास्त.

तर झालं असं की आमच्या सोसायटीसमोरचा रस्ता रुंद होणार आहे. आमची कंपाउंड वॉल साधारण १२ फूट आत येणार, गुलमोहर आणि दोन कडुनिंब जाणार. मीटिंगमध्ये नेहमीप्रमाणे दोन तट. एकाचं म्हणणं, 'अहो, संध्याकाळी समोरच्या दुकानातून दूध आणायला वीस मिनिटं लागतात, होऊ द्या की रुंद.' दुसऱ्याचं म्हणणं, 'झाडं जाणार, धूर घरात येणार.' सेक्रेटरी काकांनी माहिती अधिकारात प्रकल्पाची कागदपत्रं मागवली होती. त्यात एक जोडपत्र होतं, 'हवेच्या गुणवत्तेवरील परिणाम'. तक्ते पाहिल्यावर काकांनी ते माझ्याकडे सरकवलं. "तू इंजिनिअर ना रे, बघ जरा काय म्हणतायत."

मी बघितलं. तक्त्यात दोन रकाने. 'प्रकल्प न केल्यास' आणि 'प्रकल्प केल्यास'. कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड, पीएम१०, पीएम२.५ असं सगळं ओळीने मांडलेलं, आणि प्रत्येक ओळीत दुसरा आकडा पहिल्यापेक्षा कमी. मी तीस सेकंदांत निकाल दिला. "काका, रस्ता रुंद झाल्यावर गाड्या तुंबणार नाहीत, त्यामुळे धूर कमी होईल. मॉडेल वापरून काढलंय."

मॉडेल हा शब्द उच्चारल्यावर मीटिंग शांत होते, हे आमचं एक जुनं निरीक्षण. मतदान झालं. माझ्या बाबांनीही होकारार्थी हात वर केला. बाबांना दमा आहे, आणि रोज सकाळी ते रस्त्याकडच्या गॅलरीत पेपर वाचत बसतात. घरी येताना जिन्यात म्हणाले, "तू म्हणालास म्हणून हात वर केला हं."

खरं सांगायचं तर मलाही तो रस्ता रुंद हवाच होता. हापिसात पोचायला मला सव्वा तास लागतो, त्यातली वीस मिनिटं या एकाच चौकात जातात. म्हणजे निकाल देताना मी निष्पक्ष वगैरे काही नव्हतो.

त्या रात्री झोप येईना म्हणून ते जोडपत्र पुन्हा उघडलं. या वेळी शेवटची पानं, म्हणजे जिथे मॉडेलला काय काय दिलं ते लिहिलेलं असतं. आणि तिथे एक ओळ सापडली. 'दर तासाला वाहनसंख्या'. दोन्ही रकान्यांत अगदी तोच आकडा, शेवटच्या अंकापर्यंत.

म्हणजे रस्ता रुंद करा किंवा नका करू, येणाऱ्या गाड्या तेवढ्याच. मग रुंद रस्त्यावर त्या सुसाट जाणार, धूर कमी होणार, दुसरा रकाना जिंकणार. हे उत्तर मॉडेलने काढलेलंच नव्हतं. ते त्याला आधीच देऊन ठेवलं होतं. टेस्ट पास व्हावी म्हणून अपेक्षित उत्तर कोडमध्येच लिहून ठेवणारा एखादा ज्युनिअर आपल्या टीममध्ये असतो ना, तसं.

तक्त्याखाली बारीक अक्षरात मॉडेलचं नाव होतं, 'कॅलाईन-४'. हे काय प्रकरण आहे म्हणून शोधायला बसलो आणि थेट पहिल्या महायुद्धात जाऊन पडलो.

विषारी वायू, पतंग आणि घंटेच्या आकाराची रेघ

२२ एप्रिल १९१५. बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला. त्यानंतर सगळ्याच सैन्यांना एक प्रश्न पडला: इथे सोडलेला वायू वाऱ्याबरोबर शंभर मीटरवर, हजार मीटरवर किती उरतो? ब्रिटिशांनी १९१६ साली विल्टशरमध्ये पोर्टन डाऊन इथे रासायनिक युद्धाचं केंद्र काढलं, आणि १९२१ पासून तिथे हवामानाचे अभ्यासक बसवले. मोकळ्या गवताळ जमिनीवर धूर सोडायचा आणि वाऱ्याच्या दिशेला ठरावीक अंतरांवर तो किती पातळ झाला ते मोजायचं, असं त्यांचं काम.

यामागचं मूळ गणित जी. आय. टेलर यांचं. टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१३ साली हिमनगांवर नजर ठेवायला 'स्कॉटिया' नावाचं जहाज पाठवलं होतं. त्यावर हे गृहस्थ पतंग उडवून हवेतल्या भोवऱ्यांचा अभ्यास करत होते. (आपण त्या वयात पतंग उडवून फक्त मांज्याने बोटं कापून घेतली.) पुढे पोर्टनमध्ये ग्रॅहम सटन यांनी १९३२ साली धुराच्या पसरण्याचा सिद्धांत मांडला. त्यांच्यानंतर तिथेच काम केलेल्या फ्रँक पास्क्विल यांनी १९६१ साली तो कुणालाही वापरता येईल इतका सोपा केला.

पास्क्विलची युक्ती मला फार आवडली. आकाशाकडे बघा. ऊन किती कडक, ढग किती, वारा किती, रात्र आहे की दिवस? त्यावरून हवेला 'ए' ते 'एफ' अशा सहा इयत्तांपैकी एक द्या. भर दुपारी, कडक उन्हात, हवा वरखाली घुसळली जाते आणि धूर पटकन पातळ होतो, ती 'ए'. थंडीतल्या निरभ्र, निवांत रात्री हवा गोठल्यासारखी पडून राहते, ती 'एफ'. डिसेंबरात सकाळी लवकर टेकडीवर गेलात तर खाली शहरावर जो राखाडी पट्टा पडलेला दिसतो, तो या शेवटच्या इयत्तेचा प्रताप. यातली बरीचशी आकडेमोड अमेरिकेत नेब्रास्काच्या सपाट माळावर १९५६ च्या उन्हाळ्यात झालेल्या प्रयोगांवर बेतलेली होती. 'प्रेअरी ग्रास' नावाच्या या प्रकल्पात सुमारे सत्तर वेळा सल्फर डायऑक्साइड सोडून मोजमाप केलं होतं.

गणिताचा सांगाडा तोच, ज्याने एम-थ्रीमध्ये आपल्यापैकी अनेकांना बॅकलॉग दिला: गाउसची घंटेच्या आकाराची रेघ. शेजारच्यांच्या फोडणीचा वास आठवा. खिडकीच्या बरोबर समोर सगळ्यात जास्त, बाजूला सरकलं की कमी, लांब गेलं की आणखी कमी, आणि वारा उलटा असेल तर काहीच नाही. बास, एवढंच.

शत्रू कोण?

आता कॅलिफोर्निया. २६ जुलै १९४३ रोजी लॉस एंजेलिसवर इतका दाट, डोळे चुरचुरवणारा धूर उतरला की काही लोकांना वाटलं जपानने वायुहल्ला केला. शत्रू शोधायला पुढची काही वर्षं गेली. कॅलटेकमध्ये आरी हागन-स्मित नावाचे मूळचे डच रसायनशास्त्रज्ञ होते. ते खरं तर अननसाच्या स्वादावर काम करत होते. त्यांनी तीच उपकरणं शहराच्या हवेला लावली आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की गाड्यांचा आणि तेलशुद्धीकरणाचा धूर उन्हात शिजतो आणि त्यातून ओझोन तयार होतो. म्हणजे वायुहल्ला होताच, पण करणारे आपणच. पुढे १९६८ साली कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचे पहिले अध्यक्षही तेच झाले.

१ जानेवारी १९७० रोजी अमेरिकेत राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यावर सही झाली, आणि त्याच वर्षाच्या शेवटी हवेचा नवा कडक कायदा आला. आता केंद्राच्या पैशातून रस्ता बांधायचा तर आधी परिणाम लिहून दाखवणं भाग होतं. पण लिहिणार कसं? चिमणीच्या धुराचं गणित तयार होतं, पण रस्ता म्हणजे चिमणी नाही. रस्ता म्हणजे लांबच लांब आडवी पडलेली चिमणी, आणि तिच्यात हजारो छोट्या चिमण्या पळतायत.

ते काम कॅलिफोर्नियाच्या महामार्ग खात्याने केलं. १९७२ साली त्यांनी पास्क्विलचं गणित रेषेवर बसवून पहिलं मॉडेल काढलं. 'कॅलिफोर्निया' आणि 'लाईन' मिळून 'कॅलाईन'. १९७९ साली तिसरी आणि १९८४ साली पॉल बेन्सन यांची चौथी आवृत्ती आली, तीच आमच्या जोडपत्रातली.

मधल्या काळातला एक प्रयोग तर भारीच. १९७५ साली जनरल मोटर्सने मिशिगनमधल्या आपल्या चाचणी मैदानावर ३५२ गाड्या एकत्र पळवून खोटा महामार्ग तयार केला आणि बाजूला मोजणी केली. त्यातून दिसलं की पळणाऱ्या गाड्या स्वतःच हवा घुसळतात. त्यामुळे कॅलाईनमध्ये रस्ता आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटर एवढा पट्टा 'घुसळणीचा पट्टा' धरतात, आणि धूर तिथून बाहेर पडतो असं मानतात.

हे सगळं वाचून या माणसांविषयी माझा आदर वाढलाच. मॉडेल चोख आहे. ठरावीक धूर, ठरावीक वारा, ठरावीक अंतर दिलं तर ते बऱ्यापैकी बरोबर उत्तर देतं. पण त्याला विचारलेला प्रश्न पोर्टनपासून एकच आहे: 'इतका वायू सोडला, तर तिथे किती पोचेल?' किती सोडला जाईल, हे ते सांगत नाही. ते आपण सांगायचं असतं. युद्धात ते सोपं होतं, कारण नळकांडी मोजलेली असायची.

रस्त्यावरची नळकांडी कोण मोजणार?

सान फ्रान्सिस्कोचा खटला

नेमका हाच प्रश्न कोर्टात गेला, तोही कॅलिफोर्नियातच. आणि तिथे मला माझा तक्ता पुन्हा भेटला.

सान फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या नऊ काउंटी मिळून जो परिसर होतो, त्याला बे एरिया म्हणतात. (आपल्यापैकी निम्मे जण तिथे ऑनसाइट जाऊन आलेत, उरलेले जायची वाट बघतायत.) तिथल्या वाहतुकीचं नियोजन महानगर परिवहन आयोग करतो. १९८२ साली या परिसराने हवा सुधारण्याचा आराखडा केला. ओझोन आणि कार्बन मोनॉक्साइडची मानकं १९८७ पर्यंत गाठायची होती. त्यात एक कलम होतं: ठरल्याप्रमाणे प्रगती झाली नाही, तर हवा आणखी बिघडवणारे महामार्ग प्रकल्प आयोगाने रोखून धरायचे.

१९८७ आलं आणि गेलं. मानकं गाठली नाहीत. महामार्ग रुंद होतच राहिले. १९८९ साली दोन पर्यावरण संघटनांनी खटला भरला. १९९० साली न्यायाधीश थेल्टन हेंडरसन यांनी स्पष्ट केलं की आराखड्यात दिलेला शब्द पाळावाच लागेल. मग खरी गंमत सुरू झाली, कारण आता ठरवायचं होतं की कोणता रस्ता हवा 'आणखी बिघडवतो'.

आयोगाची बाजू अशी: गाडी रांगेत थांबत-थांबत चालली की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन जास्त निघतात, वेग वाढला की दर किलोमीटरमागे कमी. (नायट्रोजनच्या ऑक्साइडचं जास्त वेगाला उलटं होतं, पण ते असो.) म्हणजे रस्ता रुंद केला की कोंडी फुटते आणि हवा सुधारते. थोडक्यात, तीन आठवड्यांपूर्वी मी मीटिंगमध्ये जे बोललो ते.

संघटनांची बाजू अशी: कोंडी हेच लोकांना घरी थांबवणारं, बसने जायला लावणारं, कामाजवळ घर घ्यायला लावणारं कारण आहे. ते काढून टाकलंत की जी फेरी कुणी केली नसती ती होणार. आज कुणी पन्नास किलोमीटरवर घर घेत नसेल, तो उद्या घेईल. तिथे मग नवं उपनगर, नवे मॉल, नव्या गाड्या. आणि आयोगाच्या मॉडेलमध्ये यातलं बरंचसं नव्हतंच. रस्ता झाल्यावर गाड्या कुठल्या वाटेने जातील हे ते बदलून बघत, पण माणसं कुठे राहतील, नोकऱ्या कुठे जातील, हे 'केल्यास' आणि 'न केल्यास' या दोन्ही रकान्यांत तेच ठेवत.

तेच! शेवटच्या अंकापर्यंत तेच!

खटल्याचा शेवट मात्र सिनेमासारखा नाही. आयोगाने आपली पद्धत सुधारली, आणि ती न्यायालयाने शेवटी मान्य केली. फिर्यादींना हवं होतं ते सगळं काही मिळालं नाही. पण एक गोष्ट कायमची झाली. वाहतुकीचा अंदाज, जो तोवर इंजिनिअर लोक आपापसात ठरवत होते, तो भर कोर्टात उलटतपासणीला उभा राहिला. मार्क गॅरेट आणि मार्टिन वॉक्स यांनी या खटल्यावर १९९६ साली एक अख्खं पुस्तक लिहिलं.

प्रकरण इतकं तापलं की राष्ट्रीय पातळीवर तज्ज्ञांची समिती नेमली गेली. वॉशिंग्टनच्या ट्रान्सपोर्टेशन रिसर्च बोर्डाने १९९५ साली तिचा अहवाल छापला, विशेष अहवाल २४५. निष्कर्षाचा मथितार्थ असा: महामार्ग वाढवल्याने हवा सुधारते की बिघडते हे सरसकट सांगता येत नाही. ते स्थानिक परिस्थितीवर फार अवलंबून आहे, आणि कायदा जितक्या बारकाईने आकडा मागतो तितका बारीक आकडा देण्याची तेव्हाच्या मॉडेलांची कुवत नाही. समितीतल्या एका सदस्याला हेही मिळमिळीत वाटलं आणि त्याने आपलं वेगळं मत जोडलं.

मला हा अहवाल वाचून बरंच बरं वाटलं, खरं सांगतो. आपल्या धंद्यात 'माहीत नाही' म्हणायला किती धैर्य लागतं हे आपल्याला ठाऊक आहे. क्लायंटने तारीख विचारली की आपण 'माहीत नाही' म्हणतो का? आपण एक्सेल उघडतो.

मग गाड्या वाढतात तरी किती?

ही शंका काही नवी नव्हती. अँथनी डाऊन्स यांनी १९६२ सालीच लिहून ठेवलं होतं की शहरातल्या जलदगती रस्त्यावर गर्दीच्या वेळची वाहतूक रस्ता भरेपर्यंत वाढते. नवीन होतं ते मोजमाप.

ब्रिटनमध्ये लंडनभोवतीचा एम२५ हा वळसा-रस्ता १९८६ साली पूर्ण झाला आणि बघता बघता अपेक्षेपेक्षा जास्त भरला. १९९४ साली तिथल्या सरकारच्याच सल्लागार समितीने मान्य केलं की नवे रस्ते नवी वाहतूक निर्माण करतात. ती धरली नाही तर फायद्याचा हिशोब चुकतो. त्या समितीच्या कामात असलेले फिल गुडविन यांनी १९९६ साली पुरावे एकत्र करून सरासरी काढली: रस्ता सुधारल्यावर लवकरच सुमारे १० टक्के आणि काही वर्षांनी सुमारे २० टक्के जादा वाहतूक.

कॅलिफोर्नियात हॅन्सन आणि ह्वांग यांनी १९९७ साली दाखवलं की महानगरांत महामार्गाच्या मार्गिकांची लांबी १० टक्क्यांनी वाढली, तर पाचेक वर्षांत गाड्यांनी कापलेलं अंतर जवळपास ९ टक्क्यांनी वाढतं. २०११ साली ड्युरँटन आणि टर्नर यांनी अख्ख्या अमेरिकेच्या महानगरांसाठी जवळजवळ एकास एक असं प्रमाण काढलं.

आणि मग कॅलिफोर्नियाने पाटी बदलली. २०१३ च्या एका कायद्याने ठरलं की प्रकल्पाचा पर्यावरणावरचा परिणाम 'कोंडी किती झाली' यावरून मोजायचा नाही, 'गाड्या एकूण किती मैल पळाल्या' यावरून मोजायचा. जुलै २०२० पासून ते राज्यभर लागू झालं. ज्या खात्याने कॅलाईन जन्माला घातलं, तेच खातं त्या वर्षापासून रस्ता रुंद करण्याआधी विचारू लागलं की या रुंदीने किती जादा मैल पळवले जातील? नळकांडी मोजायला पन्नास वर्षं लागली, पण मोजायला लागले.

अंतराचीही एक गोष्ट राहिलीच. २००२ साली लॉस एंजेलिसमधल्या महामार्गांशेजारी मोजणी झाली. त्यात अतिसूक्ष्म कण रस्त्याला लागून प्रचंड आणि साधारण ३०० मीटरवर जवळपास नेहमीच्या पातळीला आलेले दिसले. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियाने महामार्गापासून ५०० फुटांच्या आत नवी शाळा बांधायला काही अपवाद वगळता मनाई केली. म्हणजे रस्त्यापासूनचा प्रत्येक मीटर महत्त्वाचा, आणि पहिले काही मीटर सगळ्यात महत्त्वाचे.

परत गॅलरीत

आता आपल्याकडे काय? पर्यावरण परिणामांचा अभ्यास आपल्याकडे १९९४ च्या अधिसूचनेने सक्तीचा झाला, २००६ साली नवी अधिसूचना आली. तिच्या यादीत राष्ट्रीय आणि राज्य महामार्ग आहेत. महापालिकेचा साधा रस्ता त्यात नाही. २०१३ च्या दुरुस्तीने राष्ट्रीय महामार्गाचं १०० किलोमीटरपर्यंतचं रुंदीकरणही या मंजुरीतून सुटलं. उत्तराखंडातल्या चारधाम रस्त्याचे १०० किलोमीटरपेक्षा लहान असे ५३ तुकडे कसे पडले, हे त्यामुळे कळतं. तेव्हा आमच्या रस्त्यासाठी कुणीतरी जोडपत्र करून घेतलं हीच खरं तर मेहेरबानी. मी त्यांना नावं ठेवत नाहीये.

पण त्यांचेच आकडे घेऊन एक्सेल उघडलं. (शेवटी आपण तेच करणार.) त्यांनी धरलंय की सरासरी वेग ताशी १६ वरून २६ किलोमीटर होईल आणि त्यामुळे प्रत्येक गाडीमागचा धूर १५ टक्क्यांनी घटेल. ठीक आहे, मान्य. मग गाड्या किती वाढल्या की हा फायदा शून्य होईल? १ भागिले ०.८५. उत्तर १.१७६. म्हणजे साडेसतरा टक्के. गुडविनचे २० टक्के धरले, तर दुसरा रकाना पहिल्यापेक्षा २ टक्के वाईट निघतो. त्यात गाड्या पुन्हा तुंबून वेग खाली आला तर आणखी वाईट.

ब्रिटनचे २० टक्के आमच्या रस्त्याला लागू होतील असं मी म्हणत नाही. कमी असतील, जास्त असतील. माझं म्हणणं एवढंच की सगळा निकाल त्या एका ओळीवर उभा आहे, आणि त्या ओळीत कुणी प्रश्नच विचारलेला नाही.

दुसरी गोष्ट सापडली ती जास्त लागली. दोन्ही रकान्यांत हवा मोजण्याची जागा लिहिली होती, 'रस्त्याच्या कडेपासून १० मीटर'. पण कडच सरकतेय ना! आज बाबांची गॅलरी कडेपासून साधारण १० मीटरवर आहे. १२ फूट म्हणजे साधारण ३.७ मीटर. रुंदीकरणानंतर ती ६.३ मीटरवर येईल. दुसऱ्या रकान्यातला १० मीटरवरचा माणूस आमच्या हॉलमध्ये, टीव्हीसमोर उभा आहे. गॅलरीतल्या माणसाचा आकडा तक्त्यात नाहीच. चूक टायपिंगची नाही आणि लबाडीची तर नाहीच, पण त्या फरकात बाबा बसतात.

तिसरी गोष्ट धुळीची. २०१० च्या सुमारास पुण्यासह सहा शहरांत प्रदूषणाचे स्रोत शोधण्याचा अभ्यास झाला होता. पुण्याचं काम एआरएआयने केलं, तीच ती टेकडीवरची. त्यात पीएम१० मध्ये रस्त्यावरच्या धुळीचा वाटा सगळ्यात मोठा निघाला. धूळ एक्झॉस्टमधून येत नाही, चाकांनी उडते. गाडी बीएस-६ असो की इलेक्ट्रिक, चाकं असतातच. जोडपत्रात फक्त एक्झॉस्ट होता.

काल रात्री हे सगळं बाबांना सांगितलं. म्हटलं, "बाबा, मी चुकलो. नीट न वाचता बोललो." बाबांनी चष्मा काढला. "म्हणजे रस्ता नको म्हणायचं आता?"

आणि इथे माझी पंचाईत झाली. कारण मला तेही म्हणता येईना. तो चौक खरंच वाईट आहे. मागच्या पावसाळ्यात तिथे ॲम्ब्युलन्स अर्धा तास अडकलेली मी पाहिली आहे. तिच्या मागेच होतो. रुंद रस्त्याने हवा बिघडेलच असंही मी छातीठोक सांगू शकत नाही, विशेष अहवाल २४५ वाल्यांनाही सांगता आलं नव्हतं. पण जो रकाना हवा सुधारेल असं छातीठोक सांगतो, त्याला तरी तो अधिकार कुठून आला?

"नको नाही म्हणायचं," मी म्हटलं. "विचारायचं. वाहनसंख्या दोन्हीकडे सारखी का धरली? आजच्या गॅलरीपाशी आकडा किती येतो? धूळ का नाही? आणि जादा जागेतून एक पट्टा बसला द्यायचा असेल तर तिसरा रकाना करून दाखवा."

बाबा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "हे तू त्या दिवशी तीस सेकंदांत नाही सांगितलंस."

खरंय.

तर येत्या रविवारी पुन्हा मीटिंग आहे. अर्धा पानी पत्र तयार आहे, चार प्रश्न, एकही विशेषण नाही. आधी उभा राहून माझं मागचं वाक्य मागे घेणार आहे, मग पत्र वाचणार. सेक्रेटरी काका चिडतील बहुतेक. हरकत नाही. मॉडेल म्हटल्यावर मीटिंग शांत होते, तर निदान त्या शांततेत कुणीतरी शेवटचं पान उघडायला हवं.

आकडेमोडीत काही चुकलं असेल तर जरूर सांगा. चूभूद्याघ्या.